बहात्तरच्या आत

वडवणीजवळची वस्ती,
९ जून २०२४

मामा,
दंडवत. पत्र बघून दचकू नका, वाईट काही न्हाई. फोनवर मी वरडले की वस्तीवरच्या चार घरांना आईकू जातं, फक्त तुमाला जात न्हाई. म्हणून लिहायला बसले.

अंगदचं तुमाला माहीतच हाय. दोन वर्षं झाली, आठवड्यातून दोनदा लिंबागणेशहून बीडला जातो, चार-चार तास डायलिसिसच्या मशीनला बांधून घेतो आन् माघारी येऊन आडवा पडतो. आता त्याच्या हाताची नस साथ देईना. धनश्रीनं नवऱ्याला किडनी द्यायची म्हणून सगळ्या तपासण्या केल्या, पण तिचं रक्त जुळलं न्हाई. मग मी कोणाला न सांगता माझं रक्त तपासलं. जुळलं. घरी येऊन मालकांना, सुग्रीवला सांगितलं तर ते अर्धा तास शेळ्यांच्या पायातले काटे काढत बसले. मग म्हणाले, भाऊ तुझाय, जा.

संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात सगळं बघितलं. किडन्या चांगल्या हायत. अडलं वजनावर. बेचाळीस शेळ्यांमागं हिंडणारी बाई मी, तरी काट्यावर बेऐंशी किलो चारशे ग्रॅम भरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहात्तरच्या आत या, तवर ऑपरेशन न्हाई. जाड माणसाला टेबलावरबी धोका आन् उरलेल्या एका किडनीवरबी पुढं भार. आन् अंगदचं बघता दिवाळीच्या पुढं जास्त लांबवता येणार न्हाई, हेबी त्यांनीच सांगितलं.

आता तुमाला एकच इचारायचं हाय. वजन किती दिवसाला करावं? आशाताई म्हणते महिन्याला. माझी मैत्रीण म्हणते रोज. तुमी सगळी उमर कारखान्याच्या काट्यावर काढली, वजनातलं तुमच्याइतकं आपल्या खानदानात कोणाला कळत न्हाई. तुमी सांगाल तसं करते.

तुमची भाची,
संगीता


माजलगाव,
१७ जून २०२४

चि. संगीता हिस सटवामामाचे आशीर्वाद.

तुझे पत्र तीनदा वाचले. चौथ्यांदा मामीला वाचून दाखवायला घेतले, पण ते अर्ध्यावरच राहिले. माझ्याच्याने पुढे वाचवेना. तुझी आई आज असती तर तिने काय केले असते ते मला माहीत आहे. तिने तुला आधी शिव्या घातल्या असत्या आणि मग गावभर सांगत सुटली असती.

आता कामाचे. मी एकतीस हंगाम उसाच्या काट्यावर बसलो. ट्रॅक्टरवाल्यांच्या टेपांनी कान घेतले, पण नजर अजून शाबूत आहे. वजनाबद्दल एक गोष्ट सांगतो. एका मुकादमाचा ड्रायव्हर होता. भरलेली गाडी काट्यावर आली की तो आत बसून राही आणि रिकामी गाडी आली की चहाला उतरे. त्याचे पंच्याऐंशी किलो रोज उसात धरले जात. दीड महिना कोणाच्या ध्यानात आले नाही. माझ्या आले, कारण मी रोजचे आकडे रोज बघत होतो. महिन्याने बघणाऱ्याला कधीच कळले नसते.

म्हणून माझे मत रोज. सकाळी उठून परसाकडे जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, एकाच लुगड्यावर, एकाच फरशीवर. आकडा लगेच वहीत लिहायचा आणि आठवड्याचा कागद मला टपालाने पाठवायचा. एक दिवस सूट दिली की माणूस दुसऱ्या दिवशी स्वतःहून मागतो.

माजलगाव-बीड गाडीच्या कंडक्टरकडे काटा पाठवला आहे, वडवणीच्या स्टँडवरून घेऊन जा. वीस-वीस किलोची चार लोखंडी वजने ठेवून तपासला आहे. ऐंशीला ऐंशी दाखवतो, ग्रॅमची तफावत नाही. आता चूक झालीच तर ती काट्याची नसेल.

तुझा मामा,
सटवा


वस्ती,
१४ जुलै २०२४

मामा,
दंडवत. तीन कागद पोचले असतील, चौथा सोबत हाय. आजचा आकडा ऐंशी किलो शंभर ग्रॅम. बेऐंशी चारशेवरनं आले.

काय केलं ते लिहिते. चहा दिवसाला सात कप व्हायचा, तोबी साखरेचा पाक. आता दोन, बिनसाखरेचा. पहिले चार दिवस तर डोकं असं दुखलं की शेळ्याबी माझ्या वाटंला येईनात. भाकरी तीनच्या जागी दीड, वर पालेभाजी, मटकी. रातचं जेवण दिवस मावळायच्या आत. आन् शेळ्या आधी मी बांधावर बसून राखायचे, आता त्यांच्यामागं माळ चढते. शेळ्यांना वाटतं आपलं काय चुकलं.

पण मामा, हे रोजचं लई जिवाला लागतंय. एक दिवस तीनशे ग्रॅम उतरलं की मी दिवसभर गाणं म्हणते. दुसऱ्या दिवशी सहाशे चढलं की पोरांवर खेकसते. खाल्लेलं तर तेवढंच असतंय. मग वाटलं अंगावरच्या जिनसांनी फरक पडत आसंल. एका सकाळी मी पायातली जोडवी, हातातलं चांदीचं कडं, सगळं काढून काट्यावर चढले. तेवढ्यात आत्याबाई आल्या. माझे मोकळे पाय बघून मटकन खालीच बसल्या आन् म्हणाल्या, माझा ल्योक जित्ता हाय ना गं? त्यांना समजावता समजावता माझा घाम निघाला. आन् जोडव्यांनी काट्यावर काडीचा फरक पडला न्हाई.

आत्याबाईंना सगळं सांगितलंय. मला वाटलं होतं, सून आपलं काळीज काढून माहेराला द्यायला निघाली म्हणून घर डोक्यावर घेतील. त्यांनी फक्त इचारलं, एकीवर माणूस जगतंय का? म्हणलं, जगतंय. मग म्हणाल्या, दोन देऊन देवानं एक शेजारपाजाराला ठेवली आसंल.

संगीता


माजलगाव,
२२ जुलै २०२४

चि. संगीता हिस आशीर्वाद.

कागद पोचले. मी आलेखाचा कागद आणून भिंतीला लावला आहे, रोजचा ठिपका देतो. कोणी घरी आले की आधी ते दाखवतो. काल ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटणारे आमचे जुने चिटबॉय आले होते, त्यांना म्हटले, हा कोण्या कारखान्याचा आलेख नाही, माझ्या भाचीचा आहे. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि हात जोडले. खरोखर जोडले.

पण एक तक्रार आहे. अकरा तारखेला सहाशे ग्रॅम वाढले, कारण लिहिलेले नाही. काट्यावर तफावत आली की तिथे शेरा मारावा लागतो, नाहीतर तो आकडा बेवारशी राहतो. इथून पुढे जिथे वाढेल तिथे शेरा हवा. खाणे वाढले का, चालणे कमी झाले का, की आणखी काही.

तू म्हणशील मामा आकड्यांच्या मागे कावून एवढा लागला. पोरी, दिवाळीला आता शंभर दिवस उरले आहेत. आठ किलो जायचे आहेत. मी रोज सकाळी उठलो की आधी हेच गणित करतो. काळजीपोटी बोलतो, मनावर घेऊ नकोस. आणि वाढीव आकडा आणू नकोस.

मामा


वस्ती,
२७ ऑगस्ट २०२४

मामा,
दंडवत. कागद सोबत. गेल्या आठ दिवसांचे आकडे बघा. शहात्तर आठशे, शहात्तर शंभर, पंचाहत्तर चारशे, आन् आज चौऱ्याहत्तर नऊशे. एकबी वाढीव न्हाई, म्हणून शेरे मारले न्हाईत.

जास्त लिहीत न्हाई. श्रावण चालू हाय, उपास हायत, जरा गरगरतंय. माळ चढताना पोटऱ्यांत गोळे येतात, पण ते चालायचंच. आत्याबाई दोन-तीनदा म्हणाल्या, तुझे व्हट कावून वाळल्यात? म्हणलं, वारं लागलं आसंल.

अंगदला मी आकडे सांगत न्हाई. तो माझ्याशी नीट बोलतच न्हाई, म्हणतो, अक्का, तू माझ्यामुळं उपाशी राहतीस. तुमी त्याला काही बोलू नका.

संगीता


माजलगाव,
३ सप्टेंबर २०२४

चि. संगीता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

वा पोरी. काल पोळा झाला, घरात पुरणाचा स्वयंपाक होता. मी ताटावर बसायच्या आधी तुझा आलेख पुन्हा पाहिला. आठ दिवसांत एकही ठिपका वर नाही. एकतीस हंगामांत मी अशी सरळ उतरती रेघ पाहिली नाही. यंत्राकडून होत नाही ते तू पोळ्याच्या आणि श्रावणाच्या दिवसांत करून दाखवलेस. लोक वजन उतरवतात ते लग्नाला, फोटोला. तू भावाच्या जिवासाठी उतरवते आहेस आणि त्याचा गवगवाही करत नाहीस. मला तुझा मामा असल्याचा ताठा चढला आहे.

उपासाने थोडे गरगरणारच. लिंबू-साखर घे, एवढे चालेल.

माझे ऐकशील तर दिवाळीची वाट बघू नकोस. या वेगाने पंधरा दिवसांत तू बहात्तरच्या जवळ जाशील. दवाखान्यात आधीच जाऊन रक्त देऊन ये, म्हणजे तारीख लवकर मिळेल. अंगदचे जेवढे फेरे वाचतील तेवढे वाचू देत.

मामा


वस्ती,
१९ सप्टेंबर २०२४

मामा,
आज दंडवत घालायलाबी तोंड न्हाई.

सोमवारी दवाखान्यात गेलते. काट्यावर त्र्याहत्तर दोनशे भरले. मी हरखून डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडं बघत होते आन् त्या रक्ताच्या कागदाकडं. त्यांनी कागद खाली ठेवला आन् इचारलं, "तुम्ही पाणी पीत नाही का?"

मामा, मी तुमच्यापासून लपवलं, सगळ्यांपासून लपवलं. ऑगस्टमधी आकडा चार दिवस एका जागी थांबला. पाचव्या दिवशी चारशे चढला. तुमाला शेरा काय लिहू, हेच कळंना. आन् मग मला आपली धनगराची अक्कल सुचली. बाजाराला न्यायच्या शेळीला आपण काय करतो? पहाटं मीठ चाटवतो, मग ती पोट फुटस्तवर पाणी पिती आन् काट्यावर दोन किलो जास्त भरती. मी म्हणलं, पाण्यानं शेळी चढती तर बिनपाण्याचं माणूस उतरणार. दिवस मावळला की पाणी बंद. दुसऱ्या दिवशी सातशे ग्रॅम उतरले. मग दुपारचंबी कमी केलं. शेवटच्या पंधरा दिवसांत दिवसाकाठी दोन फुलपात्र, तेबी भाकरीचा घास उतरावा म्हणून. रोज सकाळी आकडा उतरलेला दिसायचा आन् मला वाटायचं, अंगद एक पाऊल जवळ आला.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. उतरली ती चरबी न्हवती, पाणी होतं. किडनीला पाणी लागतं आन् मी तीच सुकवली. रक्तात जे वाढायला नको ते वाढलंय. त्या म्हणाल्या, महिनाभर पाणी पिऊन परत या, उतरलं तर बघू. मी इचारलं, न्हाई उतरलं तर? त्यांनी पुढच्या तारखेची चिठ्ठी लिहून हातात दिली.

अंगदला धनश्रीकडनं कळलं. त्याला दिवसाला एक लिटर पाणी मिळतं, मामा. सकाळी बाटली मोजून भरती धनश्री, आन् तो ती झाकणाझाकणानं पितो. उन्हाळ्यात बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचा. तो फोनवर म्हणाला, "अक्का, मी दोन वर्षं पाण्यासाठी तडफडतोय आन् तू भरल्या रांजणापाशी पाणी सोडलं. मला तुझी किडनी नको." फोन ठेवून दिला. परत उचलत न्हाई.

आत्याबाईंनी सगळं आईकून घेतलं. काटा उचलला, स्वतःच्या पेटीत घातला आन् कुलूप लावलं. मला म्हणाल्या, "शेळी बाजाराच्या बाजारी तोलावी. रोज तोलणारा शेळीकडं बघतच न्हाई, काट्याकडं बघतो."

मामा, मी भावाची किडनी वाळवली. आता काय करू सांगा.

संगीता


माजलगाव,
२४ सप्टेंबर २०२४

चि. संगीता हिस,

पत्र वाचून आलेखाचा कागद भिंतीवरून काढला. तू काही वाळवले नाहीस. जे झाले त्यात मोठा वाटा माझा आहे, आणि तो मी लेखी देतो.

एक गोष्ट मी तुलाही सांगितली नव्हती. एप्रिलात, तुझ्या आधी, मी एकटाच संभाजीनगरला गेलो होतो. अंगदला माझी किडनी द्यावी म्हणून. तुझ्या आईने शेवटच्या आजारात माझा हात धरून फक्त त्याचे नाव घेतले होते, तू तिथे होतीस. दवाखान्यात त्यांनी माझे वय विचारले, साखर विचारली, आणि कागदसुद्धा पुढे सरकवला नाही. अडुसष्टाव्या वर्षी मी रिकामा परत आलो. मग तुझे पत्र आले. मला वाटले, देता येत नाही तर निदान मोजू तरी. मोजणे एवढेच मला येते. म्हणून रोज मोजायला लावले, रोज शेरा मागितला आणि ठिपका खाली आला की फुगत राहिलो. तू चक्कर येते लिहिलेस, गोळे येतात लिहिलेस, ओठ वाळले लिहिलेस. मी तिन्ही वाचले आणि आकडाच बघितला. वर तुला शाबासकीही दिली.

पोरी, गाडीला तहान लागत नाही. मी माणसाला गाडीची रीत लावली.

विहीणबाईंना माझा नमस्कार सांग. एकतीस हंगाम काट्यावर बसून मला जे कळले नाही ते त्या पेटीला कुलूप लावता लावता सांगून गेल्या. त्यांचे म्हणणे मला आता पटते. माणसाचे वजन रोज किलो-अर्धा किलो इकडेतिकडे होतच असते, पाण्याने, मिठाने, पाळीने, पोट साफ असण्या-नसण्याने. त्यातले खरे किती उतरले ते आठवड्याने दिसते. बाजाराच्या दिवशी एकदा मोज, बाकी सहा दिवस काट्याचे नाव काढू नकोस. आणि मला आकडा कळवायचा नाही. मला फक्त एवढे लिही की पाणी प्यालीस.

अंगदचे मी बघतो असे म्हणणार होतो. पण माझे तो ऐकेल असे वाटत नाही. ज्याचे ऐकेल असे कोण आहे, ते तू शोध.

मामा


वस्ती,
१२ नोव्हेंबर २०२४

मामा,
दंडवत. पाणी प्याले.

दीड महिना झाला पत्र न्हाई म्हणून राग आला आसंल. लिहिण्यासारखं होस्तवर लिहायचं न्हाई ठरवलं होतं.

आधी अंगदचं सांगते. तुमचं पत्र मी आत्याबाईंना वाचून दाखवलं. तुमी एप्रिलात एकटे गेलते ते आईकून त्या कितीतरी वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. दुसऱ्या दिवशी नवं लुगडं नेसून, सुग्रीवला न सांगता, एकट्या एसटीनं लिंबागणेशला गेल्या. पासष्ट वर्षांत वडवणीच्या बाजाराच्या पलीकडं एकट्या न गेलेली बाई. अंगद खाटंवर पडलेला. धनश्री सांगती, त्यांनी पाणीसुद्धा मागितलं न्हाई, उभ्याउभ्याच बोलल्या, "सून माझी हाय. मी देते म्हणते. तू कोण नको म्हणणारा?" मग त्या खाटंवर बसल्या, त्याचे पाय आपल्या मांडीवर घेतले आन् संध्याकाळच्या गाडीपर्यंत दाबत बसल्या. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. म्हणाला, अक्का, पाणी पितीस ना?

बाकी सगळं आत्याबाईंच्या हातात हाय. काटा पेटीत, पेटीची किल्ली कमरेला. बाजाराच्या दिवशी सकाळी काटा बाहेर येतो. उठल्याउठल्या मला त्यांच्यासमोर तांब्याभर पाणी प्यावं लागतं, मगच काट्यावर चढू देतात. म्हणतात, पाण्यासकट जे भरंल तेच माझ्या सुनेचं वजन. आकडा त्यांना वाचता येत न्हाई, म्हणून मी वाचायचा आन् त्या मान हलवायच्या, चढला तरी तशीच, उतरला तरी तशीच. परत कुलूप.

पाणी चालू केलं तसं आधी दीड किलो चढलं. त्या दिवशी मी रडले. आत्याबाई म्हणाल्या, रड, पण भाकर टाकत टाकत रड, पोरं उपाशी हायत. मग हळूहळू उतरायला लागलं. एका आठवड्यात सातशे, एकात चारशे, एक बाजार जागचं हललंच न्हाई. पण मधले सहा दिवस मला काही ठाऊक नसायचं, म्हणून मी भाकरी दीडच खायचे आन् माळ चढायचे. आकडा बघून खुश व्हायचं न्हाई का रुसायचं न्हाई, नुसतं करत राहायचं. खरं सांगू का, जून-जुलैपेक्षा हे सोपं गेलं. दिवाळीत दोन करंज्या खाल्ल्या, त्याचा शेराबी मारला न्हाई.

ऑक्टोबरच्या शेवटी रक्त तपासलं. सगळं जागेवर आलंय. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा बघितला आन् पहिल्यांदा हसल्या. काल परत गेलते. तुमी आकडा कळवू नको म्हणले होते, पण हा एक कळवते. एकाहत्तर किलो चारशे, पोटात पाणी असताना.

दोन डिसेंबर तारीख दिलीय. सुग्रीवनी सही केली आन् म्हणाले, शेळ्यांचं मी बघतो, तू माघारी ये म्हणजे झालं.

संगीता


माजलगाव,
२० नोव्हेंबर २०२४

चि. संगीता हिस आशीर्वाद.

पत्र आले. त्याला उत्तर लिहायला चार दिवस लागले, कारण जे लिहायचे ते लिहायची सवय नाही.

मी मोठी माणसे पाहिली आहेत. कारखान्याचे चेअरमन पाहिले, हारतुरे घातलेले पुढारी पाहिले. तुझ्याइतके मोठे माणूस पाहिले नाही. आकडा कमी केलास म्हणून म्हणत नाही. चूक केलीस, ती कागदावर लिहून कबूल केलीस आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीस, सावकाश, कोणी बघत नसताना. मला सबंध उमरीत ते जमले नाही. आणि विहीणबाईंबद्दल तर मी काय बोलू. त्यांना सांग, सटवा त्यांच्या पाया पडतो.

मी दोन तारखेला येणार होतो. पण मला खोकला धरला आहे, आणि दवाखान्यातून निरोप आला की खोकणाऱ्या माणसाला त्या मजल्यावर सोडत नाहीत. दुसऱ्यांदा त्या दवाखान्याने मला परत पाठवले. यावेळी मला वाईट वाटले नाही.

काही लागले तर मामीच्या भावाच्या फोनवर सांग. झाले की चार ओळी लिही.

मामा


संभाजीनगर,
११ डिसेंबर २०२४

मामा,
चार ओळी म्हणले होते, जरा जास्त होतील.

मी बरी हाय. डाव्या बाजूला टाके हायत, खोकलं की दुखतं, हसलं की त्याहून जास्त दुखतं. पाचव्या दिवशी सोडलं, आता दवाखान्याच्या मागं खोली घेतलीय, आत्याबाई सोबत हायत. त्या रोज देवपूजा केल्यासारखी माझ्या एका किडनीची चौकशी करतात, ती एकटी घाबरली न्हाई ना म्हणून.

अंगदच्या पोटात माझी किडनी टेबलावरच चालू झाली. डॉक्टर बाहेर येऊन धनश्रीला सांगून गेले. तिला आधी कळलंच न्हाई, तिनं सुग्रीवकडं बघितलं आन् सुग्रीव भिंतीकडं तोंड करून उभे राह्यले.

त्याला अजून काचेच्या खोलीत ठेवलंय, कोणाला आत सोडत न्हाईत. त्याचं वजन मात्र तिथं रोज करतात. मी सिस्टरला इचारलं, रोज कावून? ती म्हणाली, नव्या किडनीवर अंगात पाणी साठतंय का ते रोज बघावं लागतं, त्यांचं वेगळं, तुमचं वेगळं. मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी विचार केला आन् म्हणाल्या, आजारी शेळीचं वेगळंच असतंय.

माझं वजन किती हाय मला माहीत न्हाई. इचारलं न्हाई.

आज सकाळी मला त्याच्या काचेपर्यंत जाऊ दिलं. तो उठून बसला होता. तोंडावरची सूज गेलीय, मामा, आईसारखा दिसतोय. सिस्टरनं त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली. त्यानं झाकणात ओतून एक झाकण पिलं आन् बाटली बाजूला ठेवली. सिस्टर म्हणाली, सगळी प्यायची, संपली की दुसरी आणते. त्याला कळंना. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी काचेच्या अलीकडनं मान हलवली.

त्यानं बाटली तोंडाला लावली आन् संपेपर्यंत खाली घेतली न्हाई. एक लिटरची होती. मग तो हसला, आन् सिस्टर दुसरी आणायला गेली.

तुमची,
संगीता